उदगीरच्या बसवंतची फौज

उदगीरच्या आपल्या किराणा दुकानात बसवंत अजूनही डाळ जोखतो, पण फौजेचा विषय निघाला की तराजू हातातच राहतो. बर्फातली चौकी आठवते, स्टोव्हवरचा काळा चहा आठवतो, आणि गावचाच तय्यब आठवतो. तय्यब आता या जगात नाही. तरी ते दिवस सांगताना म्हातारा असा खुलतो की ताटकळलेलं गिऱ्हाईक त्याच्या गावीही नसतं.

दोघं एकाच पलटणीत होते आणि एकमेकांवर त्यांचा जीव जडला होता. आडवळणानं कशाला सांगायचं? बसवंत लिंगायत, चौकीवरही त्याची लिंगपूजा चुकायची नाही. त्यासाठी तय्यब आपल्या वाट्याचं पाणी राखून ठेवायचा. एका सकाळी पूजा आटोपून बसवंतनं त्याला मिठी मारली, आणि कपाळावरची विभूती तय्यबच्या गालाला लागली. पुसायचं दोघांनाही सुचलं नाही. सुभेदारानं तो गाल पाहिला आणि काय ते ओळखलं.

"मीच ह्याच्या मागं लागलो, ह्याचा कायबी दोष न्हाई," बसवंतनं सांगून टाकलं. तय्यब वाचला. बसवंतला फौजेतून काढलं.

तो घरी आला तेव्हा बहात्तरचा दुष्काळ होता. सगळं गाव खडी फोडत होतं, तोही हातोडा घेऊन बसला. सुट्टी कधी संपते, असं कुणी विचारलं की नुसता हसायचा.

पुढं लातूर जिल्हा वेगळा झाला आणि नव्या जिल्ह्यातल्या माजी सैनिकांचा मेळावा भरला. बसवंत हौसेनं गेला. संघटनेचे अध्यक्ष गुरुबसप्पा त्याचे फौजेतले कागद बघून म्हणाले, "काढून टाकलेल्याला आपल्यात जागा न्हाई."

"चोरी केली न्हाई, पळून आलो न्हाई!" बसवंत भर मांडवात कडाडला. "एका मान्साला जीव लावला. तेवढ्यापायी मी शिपाई न्हाई व्हय?"

मांडव हसला. काय हसण्यासारखं होतं, देव जाणे! नुकताच निवृत्त झालेला तय्यब पुढच्याच रांगेत होता. त्यानं बोलू नये म्हणून बसवंत त्याच्याकडे न बघताच बाहेर निघाला. तेवढ्यात मागून आवाज आला.

"गुरुबसप्पा साब, तो मानूस मी हाय. ह्याला जागा न्हाई, तर मलाबी नको."

तय्यब रांगेतून उठून त्याच्याजवळ आला. बसवंत तिथंच उभा राहून लहान पोरासारखा रडला. मग स्टँडपर्यंत दोघं हातात हात घालून चालत गेले. लोक बघत होते. बघेनात का!