पाचक गोळ्यांची बाटली

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरीला लागल्यापासून सगळे तिला ऑपरेटरबाई म्हणत. पुढे एक्स्चेंज बंद पडलं, बोर्ड भंगारात गेले, पण नाव काही सुटलं नाही. गॅसवाल्यापासून खालच्या मजल्यावरच्या वकिलापर्यंत सगळ्यांना ती ऑपरेटरबाईच. आवाज असा की पलीकडचा माणूस कितीही तापलेला असो, हिचं एक वाक्य ऐकलं की वरमायचा. ट्रंक कॉलसाठी ताटकळलेली माणसं शिव्या घालायला तोंड उघडायची आणि ही म्हणायची, "लाइन लावतेय, जरा धीर धरा." शिवी घशातच विरायची.

या बाईला तरुणपणी फिट यायच्या. पहिली आली तेव्हा ती माहेरीच होती. आईने दार लावून घेतलं, तोंड पुसलं आणि बजावलं, "हे कुणापाशी बोलायचं नाही." लग्न झालं, नोकरी लागली, तरी बोलायचं नाही. नवऱ्याला मात्र कळलंच, कारण एके दिवशी ती त्याच्यासमोरच कोसळली. तो बसच्या डेपोत टायरच्या खात्यात होता. फारसा बोलणारा नव्हता. त्याने तिला कुशीवर वळवलं, शुद्धीवर येईपर्यंत शेजारी बसून राहिला आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे घेऊन गेला. गोळ्या सुरू झाल्या. हळूहळू फिट कमी झाल्या आणि लेक शाळेत जाऊ लागली तोवर पार थांबल्या. पण गोळ्या चालूच राहिल्या, कारण डॉक्टर म्हणाले होते, या सोडायच्या नाहीत.

लेकीला कधीच सांगितलं नाही. आधी ती लहान होती म्हणून, मग तिच्या लग्नात अडचण नको म्हणून, आणि मग आता सांगण्यासारखं उरलंय काय म्हणून. बाई पाकिटातून गोळ्या सोडवून पाचक गोळ्यांच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवायची. लेक लहानपणापासून बघत आली होती, की आईला वाताचा त्रास आहे आणि आई रोज झोपताना पाचक घेते. जावईसुद्धा चेष्टा करायचा, "सासूबाई, एवढं पाचक आम्ही खाल्लं असतं तर दगड पचवले असते."

नवरा गेला आणि लेकीने फोनवर धोशा लावला. ती आणि जावई बरीच वर्षं परदेशात होते. ती एका प्रयोगशाळेत दातांच्या कवळ्या बनवायची, जावई मोठमोठ्या दुकानांची शीतगृहं दुरुस्त करायचा. एक मुलगी, आठ वर्षांची. "आई, तू एकटी तिथे काय करतेस? इथे नात आहे. ये कायमची."

कायमचं जायचं म्हणजे काय असतं, ते बाईला घर आवरताना कळलं. भाड्याचं घर सोडायचं, गॅसची टाकी परत करायची, कपाट कुणी घेईना म्हणून फुकट द्यायचं. आयुष्यभराचा संसार दोन बॅगांत बसवायचा आणि त्या बॅगा पुन्हा काट्यावर चढवायच्या. डॉक्टर आता म्हातारे झाले होते. त्यांनी बऱ्याच महिन्यांच्या गोळ्या लिहून दिल्या आणि सांगितलं, "ही चिठ्ठी जपून ठेवा. तिकडे काही औषधांवर बंदी असते. लेकीला सांगा, ती आधी चौकशी करेल."

"सांगते," बाई म्हणाली.

चिठ्ठीवर आजाराचं नाव होतं. बॅगा उघडणार होती लेक. बाईने चिठ्ठी फाडून टाकली आणि गोळ्या पाचकाच्या बाटलीत भरल्या.

विमानातून उतरल्यावर सरकत्या पट्ट्यावर बॅग आली. बाई ढकलगाडी घेऊन दाराकडे निघाली, तेवढ्यात हातमोजे घातलेल्या एका तरुण बाईने तिला बाजूला बोलावलं. बॅग उघडली. साड्या, स्वेटर, नवऱ्याचा फोटो, सगळं टेबलावर मांडलं गेलं. मग बाटली. बाटलीवर पाचकाचं चित्र आणि आत एकसारख्या पांढऱ्या शुभ्र गोळ्या. हातमोजेवालीने एक गोळी कुठल्याशा यंत्रात घातली, पडद्याकडे बघितलं आणि कुणाला तरी हाक मारली.

बाईला एका खोलीत बसवलं. खिडकी नाही, टेबल जमिनीला पक्कं बसवलेलं. समोर एक अधिकारी. त्याने टेबलावरच्या फोनचं एक बटण दाबलं आणि फोनमधून बाईच्या भाषेत एका माणसाचा आवाज आला.

"नमस्कार बाई, मी दुभाष्या. हे जे विचारतील ते मी तुम्हाला सांगेन. तुम्ही बोलाल ते त्यांना सांगेन. या गोळ्या कसल्या आहेत?"

"पाचक आहेत."

फोनवर परक्या भाषेत बोलणं झालं. अधिकाऱ्याने मान हलवली.

"बाई, ते म्हणतात, या पाचक नाहीत. हे औषध इथे परवानगीशिवाय आणता येत नाही. लोक याचा नशेसाठी वापर करतात. तुमच्याकडे डॉक्टरांची चिठ्ठी आहे का?"

नशा हा शब्द बाईच्या कानात नुसता घुमत राहिला. आयुष्यात तिने चहाखेरीज कशाची सवय लावून घेतली नव्हती. 

"चिठ्ठी नाही," ती शेवटी म्हणाली. "बाहेर माझी मुलगी उभी आहे. तिला काही सांगू नका."

हेही दुभाष्याने इमानेइतबारे त्या भाषेत सांगितलं. झालं भलतंच. अधिकारी उठला आणि लेकीलाच आत घेऊन आला.

लेकीच्या हातात फुलं होती. कितीतरी वर्षांनी आईला बघत होती ती, पण मिठी मारायची की नाही हेच तिला कळेना. "आई, काय झालं? हे काय म्हणताहेत?"

अधिकाऱ्याने प्रश्न विचारला. दुभाष्याने तो सांगितला. "बाई, या गोळ्या तुम्ही कशासाठी घेता?"

बाईने लेकीकडे बघितलं, मग फोनकडे. फोनकडे बघून बोलणं तिला सोपं वाटलं. "मला फिट येतात. आकडी. पंचवीस वर्षांत आली नाही, पण गोळी रोज घ्यावी लागते."

लेकीला दोन्ही भाषा येत होत्या. तिने ते आधी आईच्या तोंडून ऐकलं आणि मग दुभाष्याच्या. दुसऱ्यांदा ऐकताना ती खाली बसली. खुर्ची होती म्हणून बरं.

बाईचं वय, रडवेली लेक आणि गावाकडच्या डॉक्टरांनी फोनवर दिलेली माहिती, एवढ्यावर अधिकाऱ्याने त्यांना सोडलं. गोळ्या मात्र ठेवून घेतल्या. फोन ठेवण्यापूर्वी दुभाष्या म्हणाला, "बाई, हे ते बोलले नाहीत, मी सांगतोय. उद्याच्या उद्या डॉक्टर गाठा."

गाडीत लेक मागे आईशेजारी बसली. जावई आरशातून दोघींकडे बघत होता. एका सिग्नलला लेक म्हणाली, "बाबांना माहीत होतं?"

"हो."

"आणि मला नाही."



दुसऱ्या दिवसापासून लेक फोनला चिकटली. आईवर राग होता, तरी गोळी मिळवायला हवी होती. दवाखान्यात नाव घालायचं तर रहिवासाचं कार्ड हवं. कार्ड यायला काही आठवडे. खाजगी तज्ज्ञ डॉक्टरांची वेळ त्याहून लांबची. औषधाच्या दुकानातल्या माणसाने नुसतं नाव ऐकून हात वर केले. तातडीच्या विभागात गेल्या, तर तिथे विचारलं, आत्ता फिट आली आहे का? नाही? मग तुमच्या डॉक्टरांकडे जा. लेक म्हणत होती, "डॉक्टरच मिळत नाही म्हणून तर इथे आलो." समोरची बाई हसून मान डोलवत होती आणि पुढच्या माणसाला बोलावत होती.

बाई मुकाट्याने सगळीकडे जायची. आयुष्यभर दुसऱ्यांच्या लाइनी जोडून दिल्या आणि इथे तिला कुणाशी धड बोलता येत नव्हतं. शिवाय लेकीसमोर आपण चोर आहोत, असं तिला वाटत होतं. "नाही आली इतकी वर्षं. आता काय येतेय?" एवढंच ती अधूनमधून म्हणायची.

ती आली शनिवारी सकाळी. बाई ओट्याशी उभी राहून नातीसाठी सफरचंद चिरत होती. हातातली सुरी खाली पडली, मग बाई. लेक आंघोळीला गेली होती, जावई कामावर. नात समोर टेबलाशी बसलेली. तिने आरडाओरडा केला नाही. सुरी पायाने लांब सरकवली, न्हाणीघराचं दार वाजवलं आणि म्हणाली, "आई, आजी हलतेय, थांबत नाहीये."

लेकीने ओल्या केसांनी ते बघितलं. आईचे डोळे वर गेलेले, दात आवळलेले, टाच फरशीवर आपटतेय. हीच का आपली आई, जिचा आवाज कधी चढला नाही? तिला आईला हात लावायचंही सुचेना. तिने रुग्णवाहिकेच्या नंबरवर फोन लावला आणि फोनवरची बाई सांगत गेली, तसं केलं. कुशीवर वळवलं. डोक्याखाली टॉवेल ठेवला.

रुग्णालयात मात्र आता सगळी दारं धडाधड उघडली. पलंग, सलाईन, तपासण्या, आणि एक तरुण डॉक्टरीण. बाईला शुद्ध आली होती, पण जीभ चावल्यामुळे बोलता येत नव्हतं. डॉक्टरणीने लेकीला माहिती विचारली आणि शेवटी सहज म्हणाली, "कुटुंबात आणखी कुणाला हा त्रास?"

लेक नाही म्हणायला गेली आणि थांबली. तिचा चेहरा असा उतरला की डॉक्टरणीने लिहिणं थांबवून तिच्याकडे बघितलं.

डॉक्टरीण गेल्यावर लेक पलंगापाशी आली. आवाज अगदी खालचा. "आई, हाच प्रश्न मला गेल्या वर्षी विचारला होता. पोरीबद्दल."

बाईने उशीवरून मान तिच्याकडे वळवली.

"शाळेतून तक्रार यायची. वर्गात मध्येच हरवते, हाक मारली तर बघत नाही, लिहिता लिहिता पेन तसंच धरून बसते. डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी विचारलं, घराण्यात कुणाला फिट? मी छातीठोकपणे सांगितलं, कुणाला नाही. मग ते म्हणाले, लक्ष देत नसेल, वाट बघू." ती थांबली. "मी तिला रागावले. टीव्ही बंद केला. पानंच्या पानं परत लिहायला लावली. पोहायला गेली होती, तर पाण्यात मध्येच हातपाय थांबवले. शिकवणाऱ्याने ओढून काढली. मला वाटलं, नाटक करते. मी तिला सगळ्यांसमोर मारलं, आई."

बाईला बोलता येत नव्हतं ते बरंच होतं. बोलायला होतं काय? एक पोर पाण्यात बुडता बुडता वाचली होती आणि तिची आजी हजारो मैलांवर गोळ्या बाटलीत लपवत बसली होती. तिने लेकीचा हात धरायला हात पुढे केला. लेकीने हात मागे घेतला. रागाने नाही, तसाच, भाजल्यासारखा.

त्याच आठवड्यात नातीच्या डोक्याला तारा लावून तपासणी झाली. पडद्यावर रेघा सरळ चालल्या होत्या आणि मध्येच त्यांनी एकदम उंच उड्या घेतल्या. तेवढा वेळ नात भिंतीकडे बघत निश्चल बसली होती. मग रेघा शांत झाल्या आणि ती म्हणाली, "झालं का?" डॉक्टर म्हणाले, हीसुद्धा फिटच, फक्त न पडणारी. औषधाने बहुतेक मुलांची जाते. औषध सुरू झालं. आजीलाही वेगळं औषध मिळालं, या देशात चालणारं, तिच्या नावाची चिठ्ठी डकवलेलं.

लेकीने आईला बोल लावला नाही, माफही केलं नाही. कामाला जाताना विचारायची, "घेतलीस गोळी?" तो प्रश्न काळजीचा आहे की टोमणा, ते बाईला ओळखता यायचं नाही. एकदा मात्र भांडी पुसताना लेक म्हणाली, "तुझ्या आईने तुला गप्प बसवलं, तू मला काही सांगितलं नाहीस, आणि मी पोरीला मारलं." मग भांडी जागेवर ठेवून खोलीत निघून गेली. 

नातीचं मात्र असं काही नव्हतं. औषध लागू पडलं तसं तिचं लिखाण सुधारलं, आणि आपल्याला काय झालं होतं ते ती शाळेत ज्याला त्याला सांगत सुटली. एका दुपारी आजीच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती.

"आजी, तुला कसं व्हायचं? मला ना, गोष्ट वाचताना कुणीतरी मधलं पान फाडून नेल्यासारखं व्हायचं."

बाईला हा प्रश्न आजवर कुणीच विचारला नव्हता. आईने नाही, नवऱ्यानेही नाही.

"मला आधी वास यायचा," ती म्हणाली. "जळक्या वायरसारखा. मग पायाखालची जमीन वर यायची."

"भीती वाटायची?"

"खूप."

लेक दारात उभी होती, नुकतीच कामावरून आलेली, खांद्यावर पर्स तशीच. ती आत आली, पलंगाच्या कडेला टेकली आणि म्हणाली, "पुढे सांग."