पासष्टच्या चेंबरमध्ये सत्तरचं काडतूस

बावीस वर्षं मी फौजेत आर्मरर होतो. इतरांची हत्यारं तपासायची, दुरुस्त करायची, संशय आला तर बाजूला काढायची. हवालदार म्हणून रिटायर होऊन होळीला घरी आलो. वाडीत केळी होती, पण हात स्वस्थ बसेनात. माजी सैनिकाला जी नोकरी चटकन मिळते तीच धरली. एका सिक्युरिटी एजन्सीतर्फे माणिकपूरच्या एका बँकेच्या दारात गनमॅन.

माझ्याच युनिटचा लान्स नाईक दत्ताराम त्याच एजन्सीत होता. मूळचा कोकणातला, आता विरारला राहणारा. मला अजून 'उस्ताद' म्हणायचा. आम्हा दोघांकडे एजन्सीच्या बारा बोरच्या दुनळी बंदुका होत्या, वयाने आमच्यापेक्षा थोर.

वर्षातून एकदा फायरिंगचा सराव असे. त्या रविवारी साडेसात वाजता आम्ही सहा जण रेंजवर हजर झालो. मी आधी सगळ्या बंदुका तपासल्या. सवयच ती. मग काडतुसांचा नवा बॉक्स उघडला. त्यावर ७० छापलं होतं. बंदुकांच्या चेंबरखाली ६५ कोरलेलं.

मी एजन्सीच्या सुपरवायझरकडे गेलो. "साहेब, ही काडतुसं या बंदुकांची नाहीत."

त्याने एक काडतूस चेंबरमध्ये सरकवून दाखवलं. "गेलं ना आत? मग प्रॉब्लेम काय आहे?"

माणूस फसतो तो इथेच. काडतुसाचं तोंड घडी घालून मिटलेलं असतं, म्हणून ते आखूड दिसतं आणि आत जातं. बार उडाला की घडी उलगडते आणि ते पूर्ण सत्तर मिलिमीटर होतं. चेंबर पासष्टचं. वरचे पाच मिलिमीटर नळीच्या अरुंद भागात अडकतात, वाट चोंदते, दाब भलताच वाढतो. नवी नळी एखादे वेळी सोसेल. जुन्या नळीचा भरवसा नाही.

"मी भरणार नाही," मी म्हणालो.

"मग गेटबाहेर उभे राहा. बाकीचे, लोड करा!"

मी दत्तारामला म्हटलं, "भरू नकोस."

"हुकूम आहे, उस्ताद. दोनच तर राउंड आहेत."

हा आमचा फौजी रोग. हुकूम देणारा अडाणी असला तरी टाच आपोआप जुळते. मी त्याच्या हातातून बंदूक हिसकावून घ्यायला हवी होती. घेतली नाही. तो राग मला आजही स्वतःवर येतो.

आठ वाजून बारा मिनिटं. पहिल्या बाराला त्याचा खांदा जोरात मागे गेला. दुसऱ्याचा आवाज वेगळाच आला. डावी नळी चेंबरच्या पुढे फाटली होती आणि एक तुकडा दत्तारामच्या मानेत घुसला होता. मी टॉवेल दाबून धरला. इस्पितळ यायच्या आधीच तो गेला.

तिसऱ्या दिवशी सुपरवायझरने कागद पुढे केला. लिहिलं होतं, नळी साफ न ठेवल्यामुळे अपघात.

"सही करा, हवालदार. सगळ्यांनी केलीय."

"खोट्यावर माझी सही होत नाही."

"नोकरी जाईल."

"ती तुमच्याकडेच ठेवा."

बाहेर पडून मी थेट पोलीस ठाण्यात गेलो आणि माझा जबाब सविस्तर लिहून दिला. पहिल्या बाराचं रिकामं काडतूस मी त्याच दिवशी उजव्या नळीतून काढून ठेवलं होतं. त्याचं तोंड फाटून चिंध्या झालेलं. तेही टेबलावर ठेवलं. तपास चालू आहे म्हणतात. चालू दे. मी दर सोमवारी जाऊन विचारतो.

तेराव्याला त्याच्या विरारच्या घरी गेलो. एजन्सीची माणसं चटईवर बसली होती, सुपरवायझरही. दत्तारामची बायको माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"भावोजी, हे लोक म्हणतात, ह्यांनी बंदूक साफ केली नव्हती. खरं आहे का?"

मी सावधानमध्ये उभा राहिलो आणि बावीस वर्षं ज्या आवाजात रिपोर्ट दिला, त्याच आवाजात दिला.

"लान्स नाईक दत्ताराम. हत्यार मी स्वतः तपासलं. दोन्ही नळ्या साफ. जवान बेकसूर. हुकूम चुकीचा."