बातमीत गेलेल्या बाई

कात्रीबुवांचं खरं नाव बायकोलासुद्धा आठवून सांगावं लागे. वर्तमानपत्रातलं आठवड्याचं एक पान त्यांच्याकडे. कोण गायलं, कुठलं नाटक पडलं, कुणाची खुर्ची गेली, घरात काय रांधावं, सगळं कापूनकुपून एका पानात बसवायचं.

टेबलाला दोन खण. वरच्यात स्वयंपाकाच्या युक्त्या, खालच्यात म्हाताऱ्या कलावंतांच्या मरणाच्या बातम्या. माणसं धडधाकट असायची, पण ऐनवेळी धावपळ नको म्हणून आधीच लिहून ठेवायची तिथली रीत.

निवडणुकीच्या निकालादिवशी चार बोटं जागा उरली. घाईत बुवांचा हात खालच्या खणात गेला. कागद लांबीला बसला, लावून दिला. वाचतो कोण?

तिसऱ्या दिवशी काठी टेकत एक नटीबाई समोर उभ्या.

"मीच ती. परवा गेले म्हणे."

बुवांच्या तोंडचं पाणी पळालं. "बाई, बसा. पाणी आणू?"

"आणा. अजून लागतं मला." बाई बसल्या. "लिहिलंय छान हो. पण नाटकवाल्यांनी माझी भूमिका दुसरीला दिली. तालमीला गेले तर एक जण दारातच किंचाळली. मला जिवंत छापा."

बुवा संपादकांकडे गेले. ते मान वर न करता म्हणाले, "आपल्याकडे चूक होत नाही. मग दुरुस्ती कशाची?"

संपादक स्वयंपाकाचा कोपरा कधी वाचत नसत. बुवांनी तिथे बाईंच्या नावानं डाळ न करपण्याची युक्ती छापली.

"रंगमंचावरून थेट चुलीपाशी," बाई म्हणाल्या. "चालेल. श्वास चालू आहे एवढं कळलं म्हणजे झालं."

दर गुरुवारी त्या यायच्या, सांगायच्या, बुवा लिहून घ्यायचे. महिन्याभरानं वाचकाचं पत्र आलं: दिवंगत बाईंच्या आठवणीतल्या पाककृती देता, फार बरं करता. बाईंनी ते दोनदा वाचलं.

"लोकांना मी गेलेलीच गोड लागते, बुवा."

त्यानंतर त्या आल्या नाहीत. बुवा त्यांच्या खोलीवर गेले, तर कुलूप. शेजारीण म्हणाली, "रविवारी गेल्या. कुणाला कळवायचं? सगळ्यांना ठाऊकच होतं."

बुवांनी स्वतःच्या हातानं बातमी लिहून नेली. संपादकांनी ती परत सरकवली. "ही छापून झालीय."

गुरुवारी कोपरा रिकामा होता. बुवांची लेखणी कोपऱ्यावर छापायच्या बाईंच्या नावापाशी अडली. ते नाव खोडायचं म्हणजे बाईंना आपल्याच हातानं पुन्हा मारायचं.

जन्मात चहा न केलेला माणूस त्या दिवशी घरी येऊन भोपळा चिरून शिजवायला लागला. बायको दारातून बघत राहिली.

"हे कुणासाठी?"

"पानासाठी."

"मीठ घातलंत का?"

बुवांनी चमचा उचलला, तसाच धरला. मान जरा कलती केली.

"थांब," ते हळूच म्हणाले, "बाई सांगतायत."