होल्यांचा चोक

सईचा फोन आला तेव्हा मी मॉरिसव्हिलच्या देशी दुकानात कोथिंबीर निवडत होतो. "काका, ही इज गॉन," एवढंच ती म्हणाली. तिचे बाबा, म्हणजे माझा मित्र शिरीष, जाणार हे हिवाळ्यापासून माहीत होतं. स्वादुपिंडाचा कॅन्सर कोणाला उसंत देत नाही. तरी मी त्या पोरीला "अगं पण काल तर..." असं काहीतरी बोललो. मग जुडी घेऊन रांगेत उभा राहिलो. मित्र गेला तरी घरी कोथिंबीर लागतेच, याचा तेव्हा फार राग आला. अजून आहे.

शिरीष पुण्याचा, सॉफ्टवेअर टेस्टर, आणि आमच्या इथल्या मराठी मंडळातला एकमेव शिकारी. शेजारच्या एका गोऱ्या म्हाताऱ्यानं त्याला हा नाद लावला होता. मंडळातल्या काकू विचारायच्या, "शिरीष, दुकानात चिकन मिळत नाही का रे?" "मिळतं काकू, पण ते कसं मेलं ते कोणी सांगत नाही," असं त्याचं उत्तर. त्याच्या बायकोला, वैशालीला, घरात कुत्रा चालत नव्हता, म्हणून पडलेला पक्षी शोधून आणायचं काम माझ्याकडे होतं. "हा माझा लॅब्रेडॉर," अशी तो माझी ओळख करून द्यायचा. मी बंदुकीला हात लावत नसे. चिखल तुडवत असे आणि त्याला शिव्या देत असे.

त्याचं खरं वेड मात्र बार काढण्याआधीच्या तयारीचं. बंदुकीच्या नळीच्या तोंडाशी चोक नावाचा, आट्यांवर फिरवून बसवायचा एक छोटा तुकडा असतो. तो मोकळा असेल तर छर्रे लवकर पसरतात, आवळलेला असेल तर लांबपर्यंत एकत्र राहतात. सप्टेंबरात होल्यांसाठी, म्हणजे कबुतराच्या जातीतल्या त्या छोट्या पाखरांसाठी, मोकळा चोक आणि बारीक छर्रे. हिवाळ्यात बदकांसाठी आवळलेला चोक आणि स्टीलचे मोठे छर्रे, कारण बदकांवर शिसं झाडायला इथे कायद्यानं बंदी आहे. एवढ्यावर माणूस थांबेल की नाही? हा पठ्ठ्या गणपतीच्या सजावटीतला उरलेला कागद नेमबाजीच्या रेंजवर टांगून, त्यावर बार काढून चोक-छर्ऱ्यांची प्रत्येक जोडी तपासायचा. छर्ऱ्यांच्या भोकांमध्ये तळहाताएवढी कोरी जागा दिसली की त्याचा चेहरा पडायचा. "इथून पक्षी वाचत नाही रे, जखमी होऊन जातो. मग कुठल्यातरी झुडपात दोन-दोन दिवस मरत बसतो." जखमी सोडायचं नाही, हा त्याचा एकुलता एक धर्म. बाकी देवधर्माच्या नावानं आनंदच होता.

केमोनं आधी केस नेले, मग तोंडाची चव, मग बोटांतली जाणीव. शर्टाची बटणं वैशाली लावायची आणि तोवर तो छताकडे बघत राहायचा. जानेवारीत तिनंच मला फोन केला. "घेऊन जा त्याला एकदा. दिवसभर नुसता भिंतीकडे बघत बसतो, यार. मला नाही बघवत."

तलावाकाठी उजाडत होतं. गाडीच्या डिकीपाशी, माझ्याकडे पाठ करून, तो बराच वेळ रिकाम्या बंदुकीशी झटत होता.

"होल्यांचा चोक राहिलाय आत," तो म्हणाला. "जाम झालाय साला."

"दे इकडे."

"तुला काय कळतं त्यातलं? राहू दे. चालेल. जवळ आलं तरच मारीन."

चालेल! या बाबतीत हा शब्द मी त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. पण आजारी माणसाशी वाद कोण घालणार...

जवळ काहीच आलं नाही. गारठ्यानं त्याचे ओठ निळे पडले होते. परत फिरायच्या बेतात होतो, तेवढ्यात एक बदक लांबून आलं. तो बंदूक उचलणार नाही अशी माझी खात्री होती. त्यानं उचलली. बार झाला, बदक हवेत डगमगलं, त्याचा एक पाय खाली लोंबला, आणि ते तसंच घसरत पलीकडच्या लव्हाळ्यात उतरलं.

मी रबरी विजार चढवून कमरेएवढ्या पाण्यात दुपारपर्यंत शोधलं. काठावरून तो ओरडून दिशा सांगत होता, मग त्याचं ओरडणंही थांबलं. बदक सापडलं नाही. गाडीत हीटरसमोर थरथरत बसून तो एवढंच म्हणाला, "पाय बघितलास ना?" पुढच्या शनिवारी मी एकटा जाऊन पुन्हा सगळं लव्हाळं तुडवून आलो. व्यर्थ.

शेवटी तो घरीच होता, हॉलमध्ये लावलेल्या पलंगावर. मॉर्फिनच्या गुंगीतून जागा झाला की विचारायचा, "सापडलं?" मी खरं तेच सांगायचो, नाही. खोटं त्यानं लगेच ओळखलं असतं. कूस बदलायलाही दुसऱ्याचे हात लागणारा माणूस, आणि त्याला घोर त्या बदकाचा. मला मात्र तेव्हा बदकाचं काही वाटत नव्हतं. त्याचंच मरण असं लांबत चाललेलं बघून मी बाहेर गाडीत जाऊन रडायचो.

गेल्या रविवारी सईनं बंदूक माझ्याकडे आणली. वैशालीला ती घरात नको आहे, आणि मला नाही म्हणवलं नाही. सई आत चहा करायला गेली. मी गॅरेजमध्ये बंदूक रिकामी असल्याची खात्री केली, आणि चोक काढायची किल्ली उचलायच्या आधी सहज चोकलाच बोटं लावून बघितली. तो फिरला. दोन बोटांत, औषधाच्या बाटलीचं झाकण फिरावं तसा, एकेक आटा सोडत माझ्या तळहातावर आला.

सई चहाचे कप घेऊन दारात आली.

"ओह, यू गॉट इट आउट! बाबा सेड इट वॉज टोटली स्टक."

मी किल्ली हातात घेतली.

"हो गं," मी म्हटलं. "फार जोर लावावा लागला."