पोटभर जेवलेले मासे

बाबांचं नागपूरचं तिकीट गुरुवारचं होतं आणि मला ते काहीही करून रद्द करायला लावायचं होतं. आई गेल्यावर मीच त्यांना भंडाऱ्याजवळच्या आमच्या गावातून दिल्लीत, द्वारकेतल्या माझ्या घरी घेऊन आले. तीन महिने झाले होते. दिवसभर बाल्कनीत बसून विमानं बघायचे, काही विचारलं की "बरं आहे" म्हणायचे आणि अर्धी पोळी खाऊन ताट बाजूला सारायचे. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. सगळं ठीक निघालं.

गावी त्यांची सुट्टी तलावावर जायची. म्हणून मी नजफगढच्या पुढचं एक तळं शोधून काढलं, पैसे भरून गळ टाकू देतात तसलं. पण मी पडले सरकारी अधिकारी. कुठलीही गोष्ट नशिबावर सोडणं मला जमत नाही. आदल्या दिवशी मी तळ्याच्या मालकाला दोनदा फोन केला. "पिताजी पहली बार आ रहे हैं, मछली मिलनी ही चाहिए," असं बजावलं. तो म्हणाला, "बेफिकर रहिए मॅडम, पूरा इंतजाम रहेगा."

शनिवारी सकाळी बाबांनी आमिषाची कणीक स्वतः मळली. घरात पेंड नाही म्हणून कुरकुरले. तीन महिन्यांतली ती पहिली कुरकुर, मला केवढं बरं वाटलं! तळ्यावर आमच्यासाठी छत्री, खुर्च्या, सगळं मांडून ठेवलेलं. बाबांनी खुर्ची मागे सरकवली आणि उकिडवे बसले. मासा लागला की हलावा म्हणून गळाच्या दोरीला बांधलेला मोरपिसाचा दांडा पाण्यावर तरंगत राहिला. पाठी वर काढून मासे त्याच्या आजूबाजूनं मजेत फिरत होते. नऊचे तीन वाजले, दांडा हलला नाही. मी मात्र दर अर्ध्या तासानं हलत होते. चहा देऊ? टोपी घालता? सँडविच?

"गप बस ना थोडी," बाबा म्हणाले.

तीन वाजता मालक हसत आला. एकही मासा नाही म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला. "ऐसे कैसे? मॅडम का फोन आया था, तो मैंने सुबह-सुबह यहीं पर दाना डलवाया, पूरा बोरा. ताकि सारी मछली इसी किनारे रहे!"

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि ठसका लागेपर्यंत हसले. "अगं बाई, एवढं जेवलेला मासा गळाला काहून तोंड लावेल?"

मीही हसले. गाडीत बसल्यावर सवयीनं पिशवीतून लाडवांचा डबा काढला, झाकण उघडून त्यांच्यासमोर धरला. त्यांनी मागितला नव्हता. तीन महिन्यांत त्यांनी काहीच मागितलं नव्हतं, कारण मी तेवढा वेळच दिला नव्हता. मला माझीच लाज वाटली. मी डबा बंद केला.

रविवारी सकाळी म्हणाले, "मासे खावेसे वाटताहेत." अ‍ॅपवरून मागवायला मी फोन उचलला आणि परत ठेवला. "तुम्हीच आणता का? वाटेत मेट्रो बदलावी लागेल." त्यांनी कागदावर स्टेशनांची नावं लिहून घेतली आणि चपला घातल्या.

दहाला गेले. बारा वाजले, एक वाजला. फोन करायला माझे हात शिवशिवत होते, पण केला नाही. अडीचला बेल वाजली. घामानं शर्ट भिजलेला, पिशवीत अख्खा रोहू. बाजारात साफ करून देत होते, बाबांनीच नको म्हटलं. "एकदा उलट्या दिशेच्या गाडीत बसलो," हे त्यांनी मोठ्या रुबाबात सांगितलं. गुरुवारचा विषय मी काढला नाही.

"मासा संध्याकाळी करतो मी," पिशवी ओट्यावर ठेवत ते म्हणाले. "आधी पोळी टाक. भूक लागली आहे."

तवा तापेपर्यंत मला रडू आवरेना.