गुरुवारच्या गोळ्या

त्या गुरुवारी सकाळी सिस्टर आमच्या घरी आल्या. त्यांनी विचारलं, बापूला गोळ्या दिल्या का. मी नाही म्हणाले.

बापू माझा धाकटा भाऊ. जन्मापासून त्याचे हातपाय आखडलेले, बोलणं तुटक, आणि लहानपणापासून झटके. आई गेल्यावर तो माझ्याकडे आला. लोणखेड्याच्या कॉलेजात ग्रंथालय सांभाळून मी त्याला आंघोळ घातली, घास भरवले, झटक्यांच्या गोळ्या दिल्या. या सगळ्याला मी सेवा म्हणत असे. खरं म्हणजे मला त्या सेवेचा अभिमान होता. झटके वाढले तेव्हा मी दत्तमहाराजांना गुरुवारचे उपास बोलले. मी नुसत्या पाण्यावर राही, बापू दुधावर; त्याच्यासाठीच तर व्रत होतं. तरी झटके थांबेनात. वाटायचं, माझ्याच भक्तीत काहीतरी कमी पडत असेल.

मग दवाखान्याकडून सिस्टर येऊ लागल्या, दर मंगळवारी. सातपुड्यातल्या एका पाड्यावरच्या त्या. घरी पावरी बोलत, आमच्याशी अहिराणी. बापूच्या गोळ्या तपासून त्या सात वारांच्या सात खणांच्या डबीत भरून ठेवत आणि त्या दिवसाची गोळी स्वतः त्याला देत. मला एक वाक्य समजायला जिथे वर्ष लागलं होतं, तिथे बापूचं अर्धं बोलणं त्यांना दुसऱ्याच भेटीत कळलं. सोमवारपासून तो विचारायला लागे, "अक्का, सिस्टर कव्हय येई?" एकदा त्यांच्या देखत हसत म्हणाला, "सिस्टरनी गोळी गोड. अक्कानी कडू." त्या खळखळून हसल्या. मीही हसले, आणि आत जाऊन कितीतरी वेळ एकच भांडं घासत बसले. गोळी तीच होती, त्याच पाकिटातली. त्या गेल्या की मी डबी उपडी करून गोळ्या माझ्या जुन्या पत्र्याच्या डब्यात टाकायची आणि त्यातूनच त्याला द्यायची. पुढच्या मंगळवारी रिकामी डबी समोर ठेवायची. हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं.

त्या गुरुवारी त्यांची पाळी कळसाडीला होती. आमच्या फाट्यावरच गाडीचं चाक बसलं, आणि पंक्चर काढून होईपर्यंत बापूला भेटावं म्हणून त्या आल्या. मी पोथी वाचत होते. त्यांनी गोळ्यांचं विचारलं तेव्हा मी सहज म्हणाले, "आज उपास शे. जेवण नही, मंग जेवणनंतरन्या गोळ्या कश्या देऊ?" पाकिटावर जेवणानंतर असंच लिहिलेलं होतं. लिहिलेलं मी नेहमीच तंतोतंत पाळत आले.

"अक्का, उपास तुमना शे का गोळ्यासना?" त्या हसत म्हणाल्या. मग हसू थांबलं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर मी झटक्यांच्या दिवशी लाल खूण करत असे. त्या उठल्या आणि मागची पानं उलटू लागल्या. बहुतेक खुणा शुक्रवारी होत्या. त्यांनी त्या खुणांवरून नुसतं बोट फिरवलं. बोलल्या असत्या तर मी भांडले असते.

त्यांनी ओट्यावरून डॉक्टरांना फोन केला. गोळी एक दिवसही चुकवायची नाही, दुधाबरोबर दिली तरी चालेल, असं त्यांनी आत येऊन सांगितलं आणि डबी उघडली. सातही खण रिकामे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी फळीवरून पत्र्याचा डबा काढून त्यांच्यापुढे ठेवला. त्या क्षणी मला बापूच्या जिवाची काळजी वाटायला हवी होती. वाटला तो मत्सर. झटक्यांचं कारण यांनी ओळखलं, आता भाऊही यांचाच झाला. समोर तसबिरीत दत्तमहाराज होते आणि त्यांच्याकडे पाहायची माझी हिंमत होईना.

सिस्टरांनी गोळी काढून वाटीत ठेवली. बापूने आपला वाकडा हात पुढे केला, पण त्यांच्याकडे नाही. "अक्का, तू दे," तो म्हणाला. "सिस्टर देखी." सिस्टरांनी नुसतं पाहायचं होतं.

सिस्टर मागे सरकल्या. मी दुधाचा पेला आणला आणि त्याला गोळी दिली. त्याने तोंड वाकडं केलं, म्हणजे कडूच लागली. त्या दिवशी मी डबी पुन्हा भरू दिली आणि पत्र्याचा डबा त्यांच्या पिशवीत टाकला. संध्याकाळी देवापुढे मागायला काही नव्हतं. नुसतीच बसले.

पुढचं दीड वर्ष कॅलेंडरवर लाल खूण क्वचितच झाली. माझा मत्सर मात्र पुरता गेला नाही. मंगळवारी दारात गाडी वाजली की छातीत थोडं टोचायचंच. ते टोचणं घेऊनच मी दार उघडायला शिकले. शरण जाणं मला एवढंच जमलं. चाक आमच्याच फाट्यावर का बसलं, हे मी कुणाला विचारलं नाही. माझ्या प्रार्थनेची उत्तरं मी तोवर पोथीत शोधत होते. एक उत्तर धुळीने माखलेल्या चपला बाहेर काढून आत आलं होतं.

गेल्या हिवाळ्यात बापू न्यूमोनियाने गेला. शेवटच्या दिवसांत आम्ही दोघी त्याच्या दोन बाजूंना बसलेल्या असायचो.

सिस्टर अजूनही मंगळवारी येतात, माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या पाहायला. त्या गोळ्या बापूच्याच डबीत भरतात. गुरुवारचा खणही भरलेला असतो. मी दुधाबरोबर गोळी घेते. कडू लागते.