मुठेल लावून मुलगी पाहायला

माणसाचा चेहरा थिजू शकतो, हे मला वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी कळलं. भीतीने नव्हे, वाटीतलं तूप थिजतं तसा! आणि तोही पार्ल्यातल्या एका परक्या घरात, होऊ घातलेल्या सासऱ्यांसमोर, हातात पोह्यांची बशी असताना.

सगळा दोष आमच्या मुलुंडच्या फोटो स्टुडिओवाल्याचा. लग्नासाठी फोटो काढायचा म्हटलं की तो त्यावर ब्रशाने असा काही हात फिरवायचा की सख्ख्या आईने विचारावं, कोण हा? माझे मुरूम, माझे खड्डे, माझा पिढीजात सावळा रंग, सगळं त्याने पुसून टाकलं. फोटो पाहून पार्ल्याच्या विजया नावाच्या मुलीच्या घरून निरोप आला, "मुलगा गोरागोमटा आहे, पुढच्या रविवारी या." आईने देवापुढे साखर ठेवली. मी एकदा फोटो पाहिला, एकदा आरसा पाहिला आणि मटकन खाली बसलो.

विजयाचाही फोटो आमच्याकडे आला होता. (तिच्या स्टुडिओवाल्याला ब्रश उचलावा लागला नव्हता.) ती मला आवडली होती, अगदी मनापासून. आधीच्या स्थळांचे नकार मी पचवले होते, पण हिने नाही म्हटलं तर फार लागणार होतं. तेव्हा रविवारपर्यंत फोटोसारखं दिसणं भाग होतं.

ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर दत्त्या बसायचा. त्याने खणातून एक गुलाबी बाटली काढली.

"फॉरेनचा माल आहे यार! एकदम झकास! दोन दिवसांत गोरा होशील."

"यावर लिहिलंय काय?"

"फॉरेनचं आहे म्हटल्यावर ते आपल्याला कशाला कळायला पाहिजे?"

मी बाटली खिशात टाकली. क्रीमला आमच्या बिल्डिंगच्या मोरीत टाकतात त्या पावडरीचा वास होता, पण फॉरेनच्या मोऱ्याही भारीच असणार! रात्री ते चोपडलं. आधी गार वाटलं, मग गरम, मग मी नाचायलाच लागलो. सकाळी चेहरा लालभडक झाला होता आणि उकडलेल्या बटाट्यासारखी सालं सुटत होती.

बाबांनी पेपर खाली केला. "हे काय?"

"क्रीम लावलं."

"कोणी सांगितलं?"

"दत्त्याने."

"त्या दत्त्याचं तोंड बघितलंयस का कधी?"

खरंच की! इतक्या वर्षांत मी ते नीट बघितलंच नव्हतं.

तेवढ्यात आतून आत्ये आली. आत्ये म्हणजे बाबांची मोठी बहीण, थंडीत मालवणहून आमच्याकडे राहायला यायची. तिने माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे फिरवला.

"मेल्या, ह्या तोंड आसा काय पायपुसणा? असली जळकी औषधा कित्याक लायतंस?"

तिने ट्रंकेतून फडक्यात बांधलेला एक पांढुरका गोळा काढला. हे मुठेल. कोकमाच्या बियांचं तेल गार झालं की घट्ट होतं, मग मुठीत दाबून त्याचे असे गोळे करतात. कोकणात ओठ फुटोत, गाल उलोत, अंग भाजो, घराघरात हेच लावतात.

"ह्येका वास नाय, रंग नाय, काय नाय. नखभर घे, ऊन कर नि हळू चोळ. दुसरा काय एक लावू नको."

आणि काय सांगू! दोन दिवसांत आग थांबली, चार दिवसांत पापुद्रे मऊ पडले. तिथेच थांबलो असतो तर आज ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती. पण रविवारी सकाळी आरशात बघितलं, तर नाकाच्या बाजूला जरा कोरडं दिसलं. मी हिशेब केला, नखभर मुठेलाने एवढा फरक पडतो, तर अख्ख्या गोळ्याने केवढा पडेल! (मी सायन्स ग्रॅज्युएट होतो.) गोळा वाटीत टाकून स्टोव्हवर वितळवला आणि थरावर थर दिले. चेहरा असा काही तुळतुळीत दिसायला लागला की स्टुडिओवाल्याने पाया पडावं!

आई, आत्ये, मी असे सगळेच निघालो होतो आणि बाबांनी त्या दिवशी चक्क टॅक्सी केली. बाबा टॅक्सी करतात म्हणजे प्रकरण किती गंभीर होतं बघा. मी खिडकीशी बसलो. जानेवारीचा गार वारा थेट तोंडावर येत होता आणि मला प्रसन्न वाटत होतं. पार्ल्याला उतरलो तेव्हा आईने विचारलं, "असा का रे बघतोयस?" मला उत्तर द्यायचं होतं, पण ओठ हलेनात.

घरात शिरलो. पाहुण्यांच्या मानाखातर पंखा पूर्ण वेगात! उरलंसुरलं मुठेल तिथे घट्ट झालं. समोर विजया येऊन बसली, फोटोपेक्षाही छान. मला हसायचं होतं, पण चेहरा भिंतीला दिलेल्या प्लास्टरसारखा बसला होता.

"फार गंभीर आहेत हो चिरंजीव," तिचे वडील म्हणाले. "राहायला कुठे म्हणालात?"

"उलुंड."

"कुठे?"

"उलुंड!" ओठाला ओठ लावणं शक्यच नव्हतं.

"मुलुंड म्हणतोय तो," बाबा घाईघाईने म्हणाले.

"असं होय. आणि छंद वगैरे?"

मला बुद्धिबळ आवडायचं. ते काही या तोंडातून बाहेर पडलं नसतं, म्हणून मी म्हणालो, "गाणं." आयुष्यात कधी गायलो नव्हतो!

"अरे वा! म्हणा की एखादं!"

मी घाबरून जोरात मान हलवली. गालावर तडा गेला आणि एक पांढरी कपची सुटून थेट माझ्या पोह्यांत पडली. विजयाच्या आईने ती बघितली. "खोबरं आवडतं वाटतं? अगं विजया, यांना अजून खोबरं घाल." विजयाने खोबरं घातलं. त्यातलं खोबरं कुठलं आणि चेहरा कुठला, हे कळायला मार्ग नव्हता. मी सगळं खाल्लं.

मग चहा आला, वाफाळता. कप तोंडाशी नेला मात्र, नाकाखालचा भाग वितळायला लागला. हनुवटीवरून एक थेंब बशीत पडला. मग दुसरा. मग धार!

"अय्या, घाम किती येतोय त्यांना!" विजयाच्या आई कळवळल्या. "विजया, टेबलफॅनपण लाव गं."

टेबलफॅन लागला आणि धार हनुवटीवरच थिजली. वर तडे गेलेलं कपाळ आणि खाली दाढीसारखा लोंबणारा पांढरा ओघळ! आता मात्र आत्येला राहवलं नाही. ती उठून माझ्याजवळ आली, नखाने गाल खरवडला आणि भर बैठकीत ओरडली, "सगळो गोळो तोंडाक फासलंस काय रे! तुका नखभर सांगितला होता!"

विजयाने तोंडावर पदर धरला आणि ती आत पळाली. आतून कसलासा आवाज आला. ती रडते आहे की हसते आहे, ते मला ठरवता येईना, आणि दोन्ही तितकंच वाईट वाटत होतं.

परत येताना बाबांनी टॅक्सी केली नाही. "वाट लागली," एवढंच ते म्हणाले, तेही मुलुंड आल्यावर. मी जेवलो नाही. आई समजूत काढत होती, पण मला खरंच रडू येत होतं. ती मुलगी मला हवी होती आणि मी हाताने घालवली होती. हाताने कसली, तोंडाने!

दोन दिवसांनी खालच्या वाण्याकडे पार्ल्याहून फोन आला. बाबा खाली जाऊन बोलून वर आले.

"काय म्हणाले?" आईने विचारलं.

"मुलीचं म्हणणं आहे, मुलगा तिने अजून पाहिलेलाच नाही. तोंड धुऊन परत पाठवा म्हणतात."

आमच्या घराण्यात असा निरोप कोणाला आला नव्हता! पुढच्या रविवारी मी साध्या पाण्याने तोंड धुऊन गेलो. ना क्रीम, ना मुठेल, ना पावडर. सावळा रंग, मुरूम, खड्डे, सगळे हजर. या वेळी पंखे बंद होते. विजया समोर बसली आणि तांदूळ निवडताना बघावं तसं तिने मला निवांत बघितलं. मी हसलो. चक्क हसता आलं! ती उठून आत गेली.

पडद्याआडून तिच्या आईचा आवाज आला, "काय गं, काय सांगू त्यांना?"

"हो सांग."

बाबांनी माझा हात घट्ट दाबला. आत्येने डोळे पुसले. तेवढ्यात आतून पुढचं वाक्य आलं, "पण आई, खरं सांगू का? ते सगळं थापून आले होते ना, तेव्हा जरा बरे दिसत होते!"